आधी नाव, मग यंत्र

रेल्वेच्या ई-तिकिटावर कुडाळच्या नावापुढे 'केयूडीएल' ही चार रोमन अक्षरे छापलेली असतात. खूण किरकोळ दिसते. पण अनेक संगणकांनी मिळून काम कसे करावे, याचे उत्तर अशाच खुणांत आहे.

१९८० च्या दशकात रेल्वेचे आरक्षण संगणकावर आले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद या पाच केंद्रांच्या नोंदी वेगवेगळ्या होत्या. एप्रिल १९९९ मध्ये ही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. मात्र नुसत्या तारा जोडून भागत नाही. "अमुक गाडीत कुडाळपर्यंत जागा आहे का?" असे एका संगणकाने विचारले, तर गाडी, स्थानक आणि वर्ग यांचे तेच संकेत दुसऱ्यालाही ठाऊक हवेत. कोकण रेल्वे हे १९९० साली स्थापन झालेले वेगळे महामंडळ. तरीही तिची स्थानके याच सामायिक यादीत आली, म्हणून कुडाळचे तिकीट देशात कोठेही काढता येऊ लागले.

२००० नंतर मोठ्या कंपन्यांनी हीच वाट धरली. सगळा कारभार एकाच प्रचंड प्रणालीत न कोंबता हिशेब, साठा, ग्राहकनोंद अशा स्वतंत्र सेवा उभारायच्या आणि त्यांनी एकमेकींना ठरलेल्या शब्दांत निरोप पाठवायचे, ही 'सेवाधारित रचना'. तिचा आराखडा करताना पहिला प्रश्न "यंत्र कोणते घ्यावे?" हा नसतो, "ग्राहक कोणाला म्हणावे?" हा असतो. दूरसंचारासारख्या उद्योगात कंपन्यांनी मिळून असा शब्दसंग्रह तयार केला आहे. तो स्वीकारला की कोणती सेवा कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हेही बरेचसे त्यातच ठरते.

याची किंमतही असते. २० डिसेंबर २०१० रोजी गाड्यांचे क्रमांक चार अंकी होते ते पाच अंकी झाले. तो बदल सर्वांना एकाच वेळी स्वीकारावा लागला. शिवाय यादीतले नाव नेहमीच्या अर्थाचे असेलच असे नाही. 'सिंधुदुर्ग' स्थानक ओरोसला आहे आणि किल्ला मालवणच्या समुद्रात! यंत्र मात्र तिकीट निमूटपणे देते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन गटांना ग्रंथालयातील पुस्तकांच्या याद्या स्वतंत्रपणे करू द्याव्यात आणि मग त्या एकत्र करायला सांगावे. 'लेखक' या रकान्यात एकाने आडनाव आधी लिहिलेले असेल, दुसऱ्याने नाव. त्यावरून जो वाद होईल, तोच आपला धडा.