शनिवार-रविवारच्या सीमा आणि आमची पैनगंगा

परदेशात राहणाऱ्या नवरा-बायकोचे शनिवार-रविवार कसे जातात, असं गावाकडचे लोक नेहमी विचारतात. त्यांना वाटतं, आम्ही दर आठवड्याला आयफेल टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून फोटो काढत असू. खरं सांगायचं तर निम्मे शनिवार कपडे धुण्यात आणि किराणा भरण्यात जातात, कारण जर्मनीत रविवारी दुकानं बंद! पण उरलेले निम्मे मात्र आम्ही मनसोक्त भटकलो.

आम्ही राहायचो सारब्रुकेन नावाच्या शहरात. तुम्ही नाव ऐकलं नसेल, आम्हीही ऐकलं नव्हतं. जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, फ्रान्सच्या अगदी उशाशी हे शहर आहे. नवऱ्याची नोकरी तिथे, म्हणून मीही तिथे. या गावाची गंमत म्हणजे इथली साधी शहरी ट्राम थेट दुसऱ्या देशात जाते. १९९७ साली सुरू झालेली ही ट्राम जर्मनीत सुटते आणि फ्रान्समधल्या सारगमिन गावात जाऊन थांबते. पासपोर्ट नाही, शिक्का नाही, कुणी विचारत नाही. पिशवीत दशम्या आणि ठेचा घेऊन आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सीमा कुठे येते ते खिडकीतून बघत बसले होते. ती कधी येऊन गेली ते कळलंच नाही. दुकानाच्या पाटीवरची भाषा बदलली तेव्हा कळलं.

मी मूळची फुलसावंगीची. महागाव तालुका, जिल्हा यवतमाळ. नवरा किनवटकडचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातला. मधे पैनगंगा. आमच्या लग्नात वऱ्हाड नदी ओलांडून आलं, एवढंच त्या नदीचं महत्त्व मला तेव्हा ठाऊक होतं. विदर्भाची मुलगी मराठवाड्यात दिली, असं बायका म्हणायच्या, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या बोलण्याला हसायचे. बस्स.

मग एका शनिवारी आम्ही शेंगेनला गेलो.

होय, ज्या नावाचा व्हिसा काढायला आपण महिनाभर कागदं गोळा करतो, ते शेंगेन. ते लक्झेंबर्गमधलं एक छोटंसं खेडं आहे! द्राक्षाचे मळे, एक चर्च, नदीचा काठ आणि स्वस्त पेट्रोल भरायला आलेल्या जर्मन गाड्यांची रांग. समोर मोझेल नदी. नदीच्या पलीकडे जर्मनी, जरा वर सरकलं की फ्रान्स. १४ जून १९८५ रोजी इथे, नदीतल्या 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिद' नावाच्या बोटीवर, पाच देशांनी आपसातली तपासणी हळूहळू काढून टाकायचा करार केला. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनी. प्रत्यक्षात नाके उठायला २६ मार्च १९९५ उजाडावं लागलं.

पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. ही मोझेल नदी अर्धी याची, अर्धी त्याची अशी वाटलेलीच नाही. १८१६ च्या तहापासून तिचं पाणी दोन्ही काठांच्या सामाईक मालकीचं आहे. मधोमध रेघ नाही. नदीत उभं राहिलात तर तुम्ही एकाच वेळी दोन्ही देशांत उभे असता.

हे वाचून नवरा म्हणाला, "आपली पैनगंगा पण सीमाच होती. आमचे आजोबा सांगायचे, तुमचं गाव इंग्रजाचं आणि आमचं निजामाचं."

मला हे कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात हैदराबाद मुक्तिसंग्राम होता, पण तो आपल्या गावापासून बैलगाडीच्या अंतरावर घडला हे कुठे लिहिलं होतं? घरी येऊन वाचायला बसले, आणि पुढचे कितीतरी शनिवार त्यातच गेले.

तर गोष्ट अशी आहे. आपला वऱ्हाड हा कागदावर निजामाचा मुलूख. अठराव्या शतकात तर त्यावर मालक दोन होते, निजाम आणि नागपूरकर भोसले. दोघांचे कामगार एकाच गावातून वसूल करायचे. याला 'दोअमली' म्हणत. सामाईक मालकी म्हणावी तर मोझेलसारखीच, फरक इतकाच की मोझेलमधल्या माशांना दोनदा सारा भरावा लागत नाही! १८०३ च्या लढाईनंतर भोसल्यांचा वाटा गेला. मग १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड मागून घेतला. कारण काय, तर 'हैदराबाद कंटिंजंट' नावाच्या फौजेचा थकलेला खर्च. फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, खर्च निजामाचा, आणि तो फेडायला जमीन आमची. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं तत्कालीन निजाम महबूब अली खान यांच्याशी नवा करार केला. वर्षाला २५ लाख रुपये भाड्यानं वऱ्हाड कायमचा इंग्रजांकडे. पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका वाशीम जिल्ह्यातून निघून यवतमाळ जिल्ह्यात आला, आणि आमचा मुलूख त्यातलाच.

म्हणजे आम्ही चक्क भाड्यानं दिलेले लोक होतो. मालक एक, भाडेकरू दुसरा, आणि शेतात राबणारा तिसराच.

पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचा. आज आपण धनोड्याच्या पुलावरून माहूरला सहज जातो. रेणुकामातेचं दर्शन घेऊन संध्याकाळी परत. पण तेव्हा माहूर आणि किनवट हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. नाणं वेगळं. इकडे इंग्रजांचा रुपया, ज्याला लोक 'कलदार' म्हणत, आणि तिकडे निजामाचा 'हाली सिक्का'. साधारण सहा कलदार म्हणजे सात हाली. पोस्टाची तिकिटं वेगळी. तिकडची दरबारी भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठातलं उच्च शिक्षणसुद्धा उर्दूतून. इकडे कोर्टकचेरीत मराठी चालायची. मालावर जकात घ्यायला निजामाचं 'करोडगिरी' खातं होतं. आजी सांगायची की तिच्या लहानपणी माहूरच्या वाटेवर गाठोडी सोडून दाखवावी लागत. मला तेव्हा वाटायचं, आजी चोरांबद्दल बोलतेय!

मला खरा धक्का बसला तो तारखांचा. १५ ऑगस्ट १९४७ ला पैनगंगेचा उत्तर काठ स्वतंत्र झाला, दक्षिण काठ नाही. तिकडे रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, तशी माणसं नदी ओलांडून वऱ्हाडात आली. आमच्या शेजारच्या उमरखेडला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची छावणी होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. तेरा महिने! माझ्या आजोळच्या लोकांनी झेंडावंदनाचे लाडू खाऊन वर्ष उलटलं, तरी माझ्या आजेसासऱ्यांच्या गावात तिरंगा लावणं हा गुन्हा होता. अंतर किती, तर उन्हाळ्यात पायी ओलांडता येईल एवढी नदी.

सारब्रुकेनचे आमचे शेजारी, एक वयस्कर आजोबा, त्यांना मी हे मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. ते अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले, माझ्या आईनं घर न बदलता चार वेळा देश बदलला. आणि ते खरंच होतं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० पासून सार प्रदेश राष्ट्रसंघाच्या ताब्यात होता. १३ जानेवारी १९३५ च्या कौलात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी जर्मनीला मत दिलं, हिटलर गादीवर असताना. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून फ्रान्सच्या छत्राखाली वेगळं राज्य झालं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये या चिमुकल्या सारचा स्वतंत्र संघ उतरला होता! मग २३ ऑक्टोबर १९५५ ला पुन्हा कौल झाला. युरोपीय देखरेखीखाली वेगळं राहायची योजना दोन तृतीयांश लोकांनी नाकारली, आणि १ जानेवारी १९५७ पासून सार पश्चिम जर्मनीत गेला. चलन म्हणून फ्रँक मात्र जुलै १९५९ पर्यंत चालला.

आता आपल्या तारखा बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा एकाच वेळी मुंबई राज्यात आले, किनवट आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आलं, आणि पैनगंगा राज्याची सीमा न राहता जिल्ह्याची सीमा झाली. हाली सिक्का १९५९ पर्यंत भारतीय रुपयाच्या जोडीनं चालत होता. म्हणजे दोन महिन्यांच्या फरकानं आमची आणि त्यांची सीमा सरकली, आणि जुनं नाणं दोन्हीकडे एकाच साली बाद झालं. योगायोगच, त्यात काही गूढ नाही. पण फरक एक आहे. सारच्या लोकांना दोनदा विचारलं गेलं. एकदा त्यांनी भयंकर उत्तर दिलं, तो भाग वेगळा. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला १८५३ ला कुणी विचारलं नाही आणि १९०२ लाही नाही.

याच नादात एकदा जोडून सुट्टी आली तेव्हा आम्ही नीसला गेलो. लोक तिथे समुद्रासाठी जातात, आम्ही 'वऱ्हाडच्या युवराजां'साठी गेलो. हसू नका! निजाम मीर उस्मान अली खान यांना वऱ्हाड परत हवा होता. १९२३ मध्ये त्यांनी तशी मागणी केली, १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं ती साफ फेटाळली. शेवटी १९३६ च्या करारात त्यांच्या थोरल्या मुलाला, आझम जाह यांना, 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. मुलूख नाही, नाव. या आझम जाह यांचं लग्न १२ नोव्हेंबर १९३१ ला नीसमध्ये झालं. वधू दुर्रुशेहवार, तुर्कस्तानातून १९२४ मध्ये हद्दपार झालेल्या शेवटच्या खलिफांची, दुसरे अब्दुलमजीद यांची मुलगी. त्यांचा मुलगा मुकर्रम जाह १९३३ साली नीसमध्येच जन्मला. तोही पुढे २०२३ मध्ये इस्तंबूलला वारला. दुर्रुशेहवार २००६ साली लंडनमध्ये गेल्या.

नीसच्या किनाऱ्यावरच्या गोट्यांवर बसून मी विचार करत होते. वऱ्हाडच्या नावानं किताब असलेल्या या जोडप्यानं वऱ्हाडावर एक दिवसही राज्य केलं नाही. ज्या देशाच्या राजघराण्यातली ती, तो देश तिला परत घेत नव्हता. दोघांकडेही नावं मोठमोठी, आणि नावाखालची जमीन दुसऱ्याची. त्यांच्या मानानं मी श्रीमंत. माझ्या नावावर काही नाही, पण फुलसावंगीला गेले की बसस्टँडवर चार लोक तरी विचारतात, कवा आली व बाई?

तुम्ही म्हणाल, झाल्या त्या जुन्या गोष्टी, आता कशाला? मलाही तसंच वाटत होतं. पण पुसलेली सीमा खरंच पुसते का? १६ मार्च २०२० ला कोरोनामुळे जर्मनीनं फ्रान्सची सीमा एका दिवसात आवळली. त्या सोमवारी पुलांवर पोलीस उभे राहिले. पलीकडून रोज कामाला येणाऱ्या फ्रेंच लोकांना टोमणे ऐकावे लागले, इतके की सारलँडच्या एका मंत्र्यांना त्यांची माफी मागावी लागली. पंचवीस वर्षं जी रेघ कुणाला दिसत नव्हती ती सगळ्यांना पाठ होती! सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीनं आपल्या सगळ्या भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली.

आणि आपल्याकडे? २ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारनं मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटिअर लागू करण्याचा निर्णय काढला. त्यापाठोपाठ बंजारा समाजानं त्याच गॅझेटिअरच्या आधारे अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी करत मोर्चे काढले. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत. आमच्या महागाव-पुसद पट्ट्यात तर तांड्यामागे तांडे. एकच बोली, एकच सेवालाल महाराज, नदीच्या दोन्ही काठांवर सोयरीक. पण पणजोबा निजामाच्या दप्तरात होता की इंग्रजांच्या, यावरून नातवाच्या हातातला कागद बदलू शकतो. कुणाची मागणी बरोबर नि कुणाची चूक, हे ठरवणारी मी कोण? मला दिसतं ते एवढंच, की १९५६ ला नकाशावरून गेलेली रेघ दप्तरात शाबूत आहे.

म्हणून एक विनंती. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. तुमच्या लहानपणी बाजाराला कुठे जायचे, कोणतं नाणं चालायचं, नदीपलीकडच्या मावशीकडे जाताना कोण अडवायचं, हे विचारा आणि लिहून ठेवा. राजांची लग्नं कुठेतरी नोंदलेली सापडतात. आजीनं करोडगिरीच्या नाक्यावर सोडलेलं गाठोडं मात्र तिच्याबरोबरच जातं. नवऱ्याच्या आजोबांच्या गोष्टी आम्ही आता वहीत उतरवायला घेतल्या आहेत, जेवढ्या सासूबाईंना आठवतात तेवढ्या. पहिल्या पानावर त्यांनी सांगितलेलं वाक्य आहे: हाली रुपया खिशात असला की नदी ओलांडताना हात आपोआप खिशावर जायचा.