परदेशी चाकरीचा कागद : एक ऐतिहासिक मागोवा

हिंगणघाटच्या कापसाला कधी पासपोर्ट लागला नाही. वणेच्या काठच्या या गावाचे नाव एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका प्रतीचे नाव म्हणून चालत होते. येथली गाठ मुंबईहून बोटीत चढे आणि समुद्रापार उतरे. ती कोण, कोणाची, किती शिकलेली, असे तिला कोणी विचारीत नसे. माणसाचे मात्र तसे नाही.

गेल्या वर्षी आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. नववीतून शाळा सोडलेला, पुढे फरशी बसवण्याच्या कामात चांगला हात बसलेला. "सर, जरा हे बघून द्या," म्हणत त्याने एक कागद पुढे केला. तो सौदी अरबचा व्हिसा होता. मोठ्या शहरातील एका एजंटाने तो 'आझाद व्हिसा' आहे, तिकडे पोचल्यावर पाहिजे त्याच्याकडे काम कर, असे सांगून भलीमोठी रक्कम मागितली होती. निम्मी देऊनही झाली होती. मी अरबी ओळीवर बोट ठेवले आणि त्यालाच वाचायला सांगितले. लहानपणी मशिदीत नाजरा कुराण झालेले. अडखळत का होईना, पोराने वाचले : 'गैर मुसर्रह लहू बिल अमल.' 'गैर' आणि 'अमल' हे शब्द आपल्या उर्दूतही आहेत. अर्थ असा की, या इसमास काम करण्याची परवानगी नाही. म्हणजे तो निव्वळ भेटीचा व्हिसा होता. 'आझाद व्हिसा' नावाची वस्तू कोणत्याही देशाच्या कायद्यात नाही.

अक्षर वाचता येत होते, आणि तरीही कागद वाचला गेला नव्हता. इतिहास शिकवणाऱ्या माणसाची खोड अशी की तो लगेच मागे जाऊन बघतो. परदेशी चाकरीसाठी कागद लागू लागला केव्हा, आणि त्या कागदाने माणसाला प्रथम काय विचारले?

याचे उत्तर शोधायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामी, १९३६ पासून जे वृद्ध गृहस्थ राहत होते, ते तरुणपणी परदेशी नोकरीलाच गेले होते. १८९३ च्या एप्रिलात मोहनदास गांधी मुंबईहून दक्षिण आफ्रिकेस निघाले ते पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्यांच्या 'दादा अब्दुल्ला आणि कंपनी' या पेढीच्या कामासाठी. करार एक वर्षाचा, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे, राहण्याजेवणाचा खर्च आणि वर १०५ पौंड. आपण बॅरिस्टर म्हणून नव्हे तर पेढीचे नोकर म्हणून चाललो आहोत, हे त्यांनी स्वतःच पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. एका मुसलमान पेढीने एका हिंदू तरुणास दिलेली ही नोकरी पुढे काय काय घडवून गेली, ते सर्वांस ठाऊक आहे. आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच की, त्या वेळी डर्बनच्या धक्क्यावर उतरताना त्यांना व्हिसा लागला नाही. तसा कायदाच नव्हता.

पुढील चार वर्षांत चित्र पालटले. डिसेंबर १८९६ मध्ये 'कूरलँड' आणि 'नादरी' या दोन बोटी सुमारे ८०० हिंदी उतारू घेऊन डर्बनला आल्या. मुंबईतील प्लेगचे निमित्त पुढे करून त्यांना २३ दिवस समुद्रातच अडकवून ठेवले गेले, आणि उतरल्यावर गांधीजींवर जमावाने हल्ला केला. त्याच १८९७ साली नाताळ सरकारने प्रवेशबंदीचा कायदा केला. त्यात 'हिंदी माणूस नको' असे कोठेही लिहिलेले नाही. कायदा मोठा साळसूद. येणाऱ्याने एक अर्ज कोणत्या तरी युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतःच्या हाताने लिहून दाखवावा, एवढीच अट. मग गुजरातीत हिशेबाच्या वह्या लिहिणारा मुनीम, मोडी सफाईने लिहिणारा कारकून, फारसी शिकवणारा मौलवी, हे सारे त्या टेबलापुढे निरक्षर ठरले. गंमत अशी की, उसाच्या मळ्यावर राबायला गिरमिट करून येणाऱ्या मजुरांना ही परीक्षा माफ होती. ऊस तोडायला अंगठेबहाद्दर हवा होता, दुकान मांडायला हिशेबी माणूस नको होता. ही युक्ती लंडनला पसंत पडली. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली तिच्या जोरावर ५० शब्दांचे श्रुतलेखन घ्यायला सुरुवात केली, आणि ती परीक्षा १९५८ पर्यंत टिकली. आम्ही शिक्षक श्रुतलेखन घेतो ते मुलाला पुढे ढकलण्यासाठी. तेच श्रुतलेखन माणसाला परत धाडण्यासाठीही घेता येते, हे बी. एड्. ला आम्हांला कोणी शिकवले नव्हते!

आपल्या कोकणातील मुसलमान बांधवांनी हाच अनुभव केप टाउनला घेतला. रत्नागिरीकडील अनेक कोकणी मुसलमान तेथे पोटापाण्यास गेले होते. केप वसाहतीतही लेखनाची अट आली, आणि जे आधीपासून तेथे होते त्यांना गावी यायचे तर परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, अंगठ्याचा ठसा आणि परत येण्याची मुदत. आईच्या आजारपणात वा बहिणीच्या लग्नात ती मुदत टळली की वर्षानुवर्षांची रोजी गेली. फोटोची पद्धतही नवी नव्हती. १८६७ च्या कायद्यानुसार मॉरिशसमध्ये जुन्या गिरमिटियांना फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे.

ट्रान्सवालने तर ठशांची सक्ती केली. १९०७ च्या त्या कायद्याविरुद्ध प्रिटोरियाच्या मशिदीच्या आवारात सभा भरली तेव्हा अहमद महंमद काछलिया या व्यापाऱ्याने, फाशी गेलो तरी या कायद्यापुढे मान तुकवणार नाही, असे जाहीर केले. पुढे धंदा बुडाला, परंतु शब्द फिरवला नाही. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीपुढे मोठ्या कढईत दोन हजारांवर परवाने रॉकेल ओतून जाळण्यात आले. आमच्या क्रमिक पुस्तकांत परदेशी कापडाची होळी असते, या होळीला मात्र जागा नसते. आज व्हिसाच्या केंद्रावर दहाही बोटे काचेवर टेकवताना कोणाला काही वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. त्या काळी ते एका विशिष्ट समाजालाच करावे लागत होते, सल तिचा होता.

इकडे हिंदुस्थानात या प्रश्नाचा पाठपुरावा करणारे गृहस्थ होते आमच्याच पेशाचे. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकला जन्मलेले, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या १९१० च्या ठरावामुळे नाताळला मजूर पाठवणे १९११ मध्ये बंद झाले. सर्वच वसाहतींचे गिरमिट बंद करावे, हा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र फेटाळला गेला. १९१५ मध्ये ते वारले. भरती थांबली १९१७ साली.

त्यानंतरचा इतिहास कायद्यांच्या सनावळीत उरकता येईल. १९२० मध्ये पासपोर्टचा कायदा आला, १९२२ मध्ये देशाबाहेर कामास जाणाऱ्यांचा. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला, आणि त्याच वर्षी नवा पासपोर्ट कायदा झाला. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामांना ऊत आला, आणि मुंबईत एजंटांच्या पाट्या लागल्या. त्या अनुभवातून १९८३ चा एमिग्रेशन कायदा जन्मला. भरती करणाऱ्याने सरकारी नोंदणी घेतली पाहिजे, अनामत ठेवली पाहिजे, कामगाराकडून मर्यादेपलीकडे पैसे घेता कामा नयेत. पुढे ही मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर अशी झाली. माझ्या विद्यार्थ्याकडे मागितलेली रक्कम तिच्या कितीतरी पट होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे वळतो. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा येतो. प्राप्तिकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले असे काही अपवाद आहेत. परंतु आपल्या वस्तीतील पंचविशीच्या पोरांना त्यांचा काय उपयोग? सौदी अरब, कुवेत, ओमान, कतार, मलेशिया आदी १८ देशांत नोकरीस जाताना अशा माणसाचा करार 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याने मंजूर करावा लागतो. हा अधिकारीही गिरमिटाच्याच काळातला. दीडशेहून अधिक वर्षे तो निरक्षराचा पालक म्हणून उभा आहे. दहावी पास झालात की पालक दूर होतो. कायदा गृहीत धरतो की आता तुम्ही तुमचा करार स्वतः वाचाल.

नाताळचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे : तुला वाचता येते काय? तेथे तो हाकलण्यासाठी होता, येथे सांभाळण्यासाठी आहे, हा फरक मी मोठा मानतो. मात्र शिक्षक म्हणून एक कबुली दिलीच पाहिजे. दरवर्षी आमच्या हातून दहावी पार करणाऱ्या सर्वच मुलांना पगार, कामाचे तास, परतीचे तिकीट, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात, ही कलमे करारात शोधता येतील, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण सुचवले, ते हाताला काम आणि डोळ्याला अक्षर एकत्र यावे म्हणून. आमच्या फरशीवाल्याच्या हातात काम आले, डोळा राहून गेला.

असो. त्या मुलाने तो व्हिसा परत केला. दिलेल्या पैशांपैकी थोडे मिळाले, बाकीच्यांसाठी फेऱ्या चालू आहेत. दिवसा काम करून त्याने दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. मार्चमध्ये इंग्रजी राहिले, पुरवणी परीक्षेत निघाले. गुणपत्रिका घेऊन तो नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात शेरा काढून घेण्यासाठी अर्ज करणार आहे. त्याच्या आईला मात्र त्याने जाऊ नये असे वाटते. मला विचाराल तर, दोघांचेही म्हणणे मला पटते. सध्या दर रविवारी तो एक कोरा नमुना करार घेऊन येतो, आणि मी गप्प बसतो, वाचतो तो.