देवळालीचे कापरेकर मास्तर आणि हर्षद संख्या

१७३२ साली डाकोरला मारले गेलेल्या पिलाजीराव गायकवाडांचे दहन आपल्या सावलीत झाले. त्यांच्या वंशजांच्या राज्यात स्थिरावलेल्या मराठी घरांतल्या जुन्या चोपड्या उघडा. तिथे आण्यांच्या बेरजेत हातचा दहावर नाही, सोळावर येतो. रक्कम तीच, पण आकड्यांचे रूप निराळे. मग लिहिण्याची रीत बदलली, तर संख्येचा कोणता गुण टिकतो?

हा प्रश्न एका मराठी मास्तरांच्या कामातून पुढे आला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षक होते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे तुकडे करून मिळवले की पुन्हा ४५. अशा संख्या आज ‘कापरेकर संख्या’ म्हणून जगाला ठाऊक आहेत. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. २१ च्या अंकांची बेरीज ३. ३ ने २१ ला भाग जातो, म्हणून २१ हर्षद.

अंकांचा हा नाद आपल्याकडे जुना. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १३९ ला १०९ ने गुणून १५१५१ ही हारासारखी संख्या गुंफली. तरी कापरेकरांचे काम आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी पोरखेळ मानले. त्यांच्या शंकेत तथ्य होते. २१ आणे म्हणजे १ रुपया ५ आणे. १ आणि ५ मिळून ६, आणि ६ ने २१ ला भाग जात नाही. सोळाच्या रीतीत हर्ष उरला नाही.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांविषयी लिहिले आणि नाव जगभर गेले. पुढे त्याच शंकेचा गणितज्ञांनी विषय केला. दशमान पद्धतीत सलग २० हर्षद संख्या सापडतात, २१ कधीच नाहीत, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. दहाच्या जागी दुसरा कोणताही पाया घेतला, तरी सलग हर्षद संख्या पायाच्या दुपटीहून अधिक मिळत नाहीत, हे १९९४ मध्ये ग्रंडमन यांनी दाखवले. आणि प्रत्येक पायात हर्षद राहणाऱ्या संख्या चारच: १, २, ४ आणि ६.

कापरेकर १९८६ मध्ये गेले. आता नातवंडांपुढे जुनी चोपडी ठेवा आणि १८ आणे मांडायला सांगा. १ रुपया २ आणे. बेरीज ३, आणि ३ ने १८ ला भाग जातो. दशमानात बेरीज ९, तिनेही जातो. रीत बदलली की काय राहते आणि काय जाते, हे असे एकेक पारखूनच कळते.