थरच्या वाळवंटातील घर आणि पाणी : जैसलमेरचा धडा

वास्तूचा इतिहास शिकताना आपण बहुधा राजवाडे, मंदिरे आणि किल्ले पाहतो. या टिपणात आपण राहते घर पाहणार आहोत. पाण्याच्या टंचाईने घराचा आकार कसा ठरवला आणि पाणी मुबलक झाल्यावर त्याच घराचे काय झाले, हे दोन प्रश्न आपल्यासमोर आहेत. उदाहरण घेऊ राजस्थानातील जैसलमेरचे. परंपरेनुसार रावल जैसल याने 1156 मध्ये या नगराची स्थापना केली.

आधी एक हिशेब

जैसलमेर परिसरात वर्षाला सरासरी 200 मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. तोही मोजक्या दिवसांत. भूजल खोल आहे आणि अनेक ठिकाणी खारट. अशा ठिकाणी माणसे शतकानुशतके कशी राहिली?

कागद-पेन्सिल घ्या. घराचे छत 100 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 150 मिलिमीटर धरा. छतावर 15,000 लिटर पाणी पडते. छत धुण्यात आणि बाष्पीभवनात पाचवा हिस्सा गेला, तरी 12,000 लिटर उरते. सहा माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज 5 लिटर लागले, तर वर्षाची गरज 10,950 लिटर होते. म्हणजे हिशेब जेमतेम जमतो. या ‘जेमतेम’ शब्दातच वाळवंटी घराचे सारे शास्त्र आहे. थोडी गळती झाली, छत अस्वच्छ राहिले किंवा पाऊस कमी पडला, की हिशेब कोलमडतो.

टांका : घराच्या पोटातील विहीर

हे पाणी साठवण्याची जागा म्हणजे टांका. सह्याद्रीतील किल्ल्यांवर खडकात खोदलेली टाकी तुम्ही पाहिली असतील. शब्द जवळचा आहे आणि कल्पनाही. थरमध्ये मात्र टांका अंगणात किंवा घराखाली जमिनीत खोदतात आणि आतून चुन्याचा गिलावा करून तो वरून झाकतात. 12,000 लिटरसाठी अडीच मीटर व्यासाचा आणि तितकाच खोल खड्डा पुरतो. पश्चिम राजस्थानातील टांक्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक 1607 ची, जोधपूरच्या राजा सूरसिंहाच्या काळातील आहे.

झाकण महत्त्वाचे का? या प्रदेशात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन पावसाच्या कितीतरी पट असते. उघडा हौद उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाही. झाकलेल्या टांक्यात उजेड नसल्याने शेवाळही वाढत नाही. पावसाळ्यापूर्वी छत झाडून घेत, पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडून देत आणि मगच पन्हळीचे तोंड टांक्याकडे वळवत. उघड्यावरच्या टांक्याभोवती पाणी गोळा करणारी उतरती जमीन राखत. तिला आगोर म्हणतात. तेथे जोडे घालून जाणे निषिद्ध असे. रूढी म्हणून दिसणारा हा नियम प्रत्यक्षात स्वच्छतेचा होता.

थरमध्ये पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे थेट मिळणारे ते पालर, जमिनीखालच्या जिप्समच्या थराने अडवून धरलेली ओल ती रेजाणी आणि खोल विहिरीचे ते पाताल पाणी. अनुपम मिश्र यांनी 1995 मधील ‘राजस्थान की रजत बूंदें’ या हिंदी पुस्तकात हे लोकज्ञान नोंदवून ठेवले आहे.

गारवा, पण पाण्याविना

पाणी वाचवायचे तर घर थंड ठेवण्यासाठी ते खर्चून चालत नाही. म्हणून घरे एकमेकांना खेटून बांधली गेली. दोन घरांतील भिंतीला ऊन लागत नाही आणि अरुंद गल्ली दिवसभर सावलीत राहते. पिवळ्या दगडाच्या जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषतात. मधला चौक रात्री थंड होतो. झरोके भिंतीवर सावली टाकतात आणि जाळ्या ऊन अडवून वारा आत घेतात. एकोणिसाव्या शतकातील पटव्यांच्या हवेल्यांतील नक्षी पाहताना तिचे हे कामही लक्षात घ्या.

परंपरेच्या मर्यादा

येथे एक सावधगिरी हवी. जुने ते सगळे सोने नव्हते. घरात टांका असणे ही ऐपतीची गोष्ट होती. बाकीच्या घरांत पाणी डोक्यावरून येई आणि ते बायकाच वाहत. विहिरीवर आणि तळ्यावर जातीचे निर्बंध होते. शिवाय पाऊसच चुकला तर टांका काय करणार? विक्रम संवत 1956 चा, म्हणजे इ.स. 1899-1900 चा ‘छप्पनिया’ दुष्काळ राजस्थानात आजही त्या नावाने आठवला जातो. म्हणून 1958 मध्ये काम सुरू झालेला राजस्थान कालवा लोकांना वरदान वाटला, हे स्वाभाविक होते. 1984 मध्ये त्याला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले.

पाणी आले आणि भिंती हलल्या

आता दुसरा प्रश्न. जैसलमेरचा किल्ला आजही वसता आहे. त्यातील घरे घागरभर पाण्याच्या वापरासाठी बांधलेली होती. भांडी राखेने किंवा वाळूने घासली जात, त्यामुळे सांडपाणी नगण्य असे. नळ आले, संडास-न्हाणीघरे आली, पर्यटकांसाठी निवासस्थाने झाली. वापरलेले पाणी टेकडीत मुरू लागले. या टेकडीत चिकणमातीसारखे मऊ थर आहेत आणि ते भिजले की वरचे बांधकाम खचते. 1990 च्या दशकात किल्ल्याचे काही बुरूज ढासळले आणि जागतिक पातळीवर धोक्यातील वारसास्थळांमध्ये त्याची गणना झाली. 2013 मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसोबत तो युनेस्कोच्या यादीत आला, पण सांडपाण्याची चिंता मिटली नाही.

यावरून काय घ्यायचे? नळ नको, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. डोक्यावरची घागर उतरणे ही प्रगतीच आहे. मात्र पाणी किती येते एवढेच पाहून भागत नाही. ते कुठे साठते आणि वापरून झाल्यावर कुठे जाते, हेही घराच्या आराखड्यात असावे लागते. जैसलमेरजवळ 2021 मध्ये सुरू झालेल्या राजकुमारी रत्नावती कन्याशाळेत स्थानिक दगड, चौक, जाळ्या आणि पर्जन्यजलसंचय यांची सांगड घातलेली दिसते. जुने ज्ञान नव्या गरजेसाठी असेही वापरता येते.

विचार करा

1. तुमच्या घराच्या छताचे क्षेत्रफळ आणि गावाचा सरासरी पाऊस घेऊन वरील हिशेब पुन्हा मांडा. तुमच्याकडे किती महिने पुरेल एवढे पाणी वाहून जाते?
2. आगोराचा नियम रूढी मानावा की आरोग्याचा नियम? कारणे द्या.
3. तुमच्या घरातील सांडपाणी शेवटी कोठे जाते, ते शोधून लिहा.