शास्त्रवाचनाच्या ओसरीवर शेजाऱ्यास जागा

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमि. या मुलखांत कीर्तनास कोणीहि येऊन बसतो; श्रोत्यापासून श्रद्धेचा दाखला कोणी मागत नाहीं. मग एखादा हिंदु वा मुसलमान शेजारी आपल्या पवित्र शास्त्राच्या वर्गास बसूं इच्छील, तर त्यास जागा द्यावी काय? ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं इतिहासाच्या साहाय्यानें आपण याचा विचार करूं.

प्राचीन ख्रिस्तसभेंत दीक्षार्थी मिस्सेच्या शास्त्रवाचनास व प्रवचनास बसत. पुढील विधीपूर्वीं त्यांस निरोप देण्यांत येई. प्रभुभोजनाची पंगत राखीव होती. वचनश्रवणाची ओसरी मात्र मोकळी होती. प्रेषितांच्या कृत्यांतील इथिओपियाचा अधिकारी यशयाचें पुस्तक वाचीत असतां फिलिप्पानें त्याच्या शेजारीं बसून अर्थ सांगितला. बाप्तिस्म्याची गोष्ट त्यानंतर निघाली, आणि तीहि त्या अधिकाऱ्यानेंच काढली.

आपल्या भाषेंत हें कार्य फादर थॉमस स्टीफन्स यांनीं केलें. १५७९ सालीं गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीयानें मराठी ओवी आपलीशी केली, व १६१६ सालीं त्यांचें क्रिस्तपुराण राचोल येथें छापलें गेलें. परंतु त्याच गोव्याची दुसरी बाजूहि आपण झांकूं नये. सोळाव्या शतकांत तेथें देवळें पाडलीं गेलीं, आणि हिंदूंस सक्तीनें प्रवचनास बसविण्यांत येई. सक्तीनें बसविलेला श्रोता व आपण होऊन आलेला श्रोता यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. आपला प्रश्न दुसऱ्याविषयीं आहे. पहिल्याची आठवण आपणांस सावध ठेवण्यापुरती.

कोणी म्हणतील, “शेजाऱ्याच्या घरांत कलह माजेल.” ही भीति पोकळ नव्हे. नारायण वामन टिळक यांस १८९३ सालीं आगगाडींत एका सहप्रवाशानें नवा करार दिला. तो वाचीत, मनाशीं झगडत त्यांनीं सुमारें दोन वर्षें घालविलीं, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. परंतु त्यांची कथा सर्व मराठी ख्रिस्ती जनांची आहे. पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यापायीं विरहाचीं वर्षें कंठावीं लागलीं. तें दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत वाचावयास मिळतें. पुढें त्यांनींहि दीक्षा घेतली, ती स्वतः विचार करून. पुस्तक देणें सोपें. त्याचा भार वाचणाऱ्याच्या घरास वाहावा लागतो, हें देणाऱ्यानें विसरूं नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं दैवी प्रकटीकरणावरील संविधानांत, ख्रिस्तेतरांसाठींहि योग्य टीपांसह शास्त्राच्या आवृत्त्या तयार कराव्या, असें सांगितलें. त्याच वर्षीं ७ डिसेंबर रोजीं धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रानें श्रद्धेच्या बाबतींत सर्व प्रकारची सक्ती त्याज्य ठरविली. दोन्ही वचनें एकत्र वाचलीं म्हणजे आपला मार्ग स्पष्ट होतो.

शेजाऱ्यास अवश्य बसूं द्यावें. पण उघडपणें, त्याच्या घरच्यांपासून लपवून नव्हे. धान्य, नोकरी वा शाळेंतील प्रवेश यांचा वर्गाशीं संबंध जोडूं नये. तो आपल्या धर्मांतील गोष्ट सांगेल तर आदरानें ऐकावी. तो आयुष्यभर हिंदु वा मुसलमानच राहिला, तरी त्याची जागा काढून घेऊं नये. आणि त्याच्या साध्या प्रश्नास आपणांस उत्तर देतां आलें नाहीं, तर दोष त्याच्या येण्याचा नसून आपल्या न वाचण्याचा आहे, हें ओळखून आपण घरीं शास्त्र उघडावें. आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीस याहून उचित असा दुसरा संकल्प कोणता?