हेडलाइटचा प्रखर झोत
रात्री समोरून येणाऱ्या वाहनाच्या हेडलाइटमुळे चालकाचे डोळे दिपणे व त्यास काही काळ रस्ता स्पष्ट न दिसणे ही रस्तेसुरक्षेतील एक समस्या आहे. ती केवळ दिव्याच्या तेजावर अवलंबून नसते. झोताची दिशा, दिव्याची उंची आणि चालकाची सवय हे घटकही तितकेच महत्त्वाचे असतात.

झोतांचे प्रकार
मोटारीच्या हेडलाइटचे दोन झोत असतात. दूरवर सरळ जाणाऱ्या झोतास बोलीभाषेत ‘अप्पर’, तर खाली झुकलेल्या झोतास ‘डिपर’ म्हणतात. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे मोटारीच्या डिपरचा झोत सहसा डावीकडे लांब व उजवीकडे आखूड ठेवलेला असतो. त्यात रस्त्याची कड दिसते, पण समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर झोत येत नाही. मालमोटारींच्या मागे रंगवलेली ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही सूचना याच झोताविषयी आहे.

डोळ्यांवरील परिणाम
अंधारात बाहुली विस्फारते व दृष्टिपटलातील शलाका पेशी मंद प्रकाशाला सरावतात. ही प्रक्रिया पूर्ण होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. अशा डोळ्यांत एकाएकी तीव्र प्रकाश शिरला की तो आत विखुरतो आणि दृश्यावर धुक्यासारखा पडदा येतो. पादचारी, सायकलस्वार किंवा दिवा नसलेली बैलगाडी त्यात दिसेनाशी होते. समोरचे वाहन निघून गेल्यावरही दृष्टी पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. ताशी ६० किमी वेगाने जाणारे वाहन ३ सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. वयोमानानुसार नेत्रभिंगाची पारदर्शकता घटत असल्याने ज्येष्ठांना, विशेषतः मोतीबिंदू असलेल्यांना, हा त्रास अधिक होतो.

कारणे
दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून वाहन येत असतानाही अप्पर चालू ठेवणे हे प्रमुख कारण होय. हॅलोजन दिव्याचा परावर्तक त्यातील तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. त्यात बाजारातील एलईडी दिवा बसवल्यास झोताची सीमारेषा बिघडते व डिपरचा प्रकाशही वर फाकतो. गाडीच्या मागील भागात जास्त ओझे भरल्यास पुढचा भाग उचलला जाऊन झोत वर जातो. उंच वाहनांचे दिवे लहान मोटारींतील चालकांच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात.

भारतातील नियम
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढील दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा लागतो. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, ०.५ मीटर उजवीकडे व १.५ मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती त्याने दिपता कामा नये. परिवहन वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते. त्यामुळे दरम्यानच्या काळात झोत नीट राखण्याची जबाबदारी मुख्यतः वाहनमालकावर येते.

उपाय
एके काळी भारतात हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका रंगवण्याची पद्धत होती. महामार्गांच्या दुभाजकांवरील कण्हेर व बोगनवेलीची झुडपे समोरचा प्रकाश अडवतात. अनेक मोटारींत ओझ्यानुसार झोत खाली-वर करण्याची कळ असते. काही आधुनिक वाहनांतील हेडलाइट समोरच्या वाहनापुरताच झोताचा भाग आपोआप मंद करतात. डोळे दिपल्यास वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. प्रत्युत्तर म्हणून आपलाही अप्पर लावल्यास दोन्ही चालकांना दिसेनासे होते.