मापाने जुळी भावंडं

आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सगळं मापावर चालतं. अणूंनाही माप असतं, हे मी बी.ए.वाला उशिरा शिकलो. आवर्तसारणीत उजवीकडे जाताना अणू आक्रसतो, खाली उतरताना फुगतो. मात्र झिर्कोनियमखालचं हाफ्नियम फुगलेलंच नाही! मधल्या चौदा मूलद्रव्यांत केंद्रकाचा भार वाढत जातो. नवे इलेक्ट्रॉन त्याची ओढ अडवायला कमी पडतात. म्हणून हाफ्नियम झिर्कोनियमच्याच खनिजात लपून राहिलं. १९२३ साली कोस्टर आणि हेवेशी यांनी कोपनहेगनला क्ष-किरणांनी ते पकडलं.

१९६९ साली सुरू झालेल्या आपल्या तारापूरला हा जुळेपणा नडला असता. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या; ते न्यूट्रॉन जाऊ देतं, हाफ्नियम पाचशेपटींहून अधिक गिळतं. नळी घडवण्याआधी ही भावंडं वेगळी करावीच लागतात, आणि ते काम भलतं चिवट.